सायकल आणि गाड्या एकाच रस्त्यावर: कोणी, काय आणि कोणत्या क्रमाने करायचं

शहरात सायकलस्वार आणि गाडीचालक यांची गाठ चुकीच्या पद्धतीने पडते ती ठरावीक प्रसंगांत: उभ्या गाडीचं दार अचानक उघडतं, पुढे गेलेली गाडी डावीकडे वळते, कुणी घासून ओव्हरटेक करतं, नाहीतर कुणी उलट दिशेने येतं. चारही प्रसंगांत पुढच्या दोन सेकंदांत समोरचा काय करणार, हे दुसऱ्याला कळलेलं नसतं. खालचे टप्पे त्यासाठीच आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण अरुंद रस्ते, भरपूर दुचाक्या, बस, रिक्षा आणि रस्त्याकडेचं पार्किंग हे सगळं तिथे एकत्र भेटतं. पहिले सात टप्पे मुख्यतः सायकलस्वारासाठी, आठवा गाडी चालवणाऱ्यांसाठी आणि शेवटचे दोन दोघांसाठी आहेत, पण दोघांनीही सगळे वाचावेत. समोरच्याची अडचण माहीत असली की त्याच्या हालचालीचा अंदाज बांधता येतो.

## टप्पा १: सायकल रस्त्यावर काढण्याआधी

रोज निघताना एक मिनिट पुरतं. क्रम असा ठेवा: हवा, ब्रेक, चाकं, सामान.

हवा अंगठ्याने दाबून कळत नाही. टायरच्या कडेवर किमान आणि कमाल दाब पीएसआयमध्ये छापलेला असतो. गेज असलेला पंप वापरून त्या दोन आकड्यांच्या मधे राहा. हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटली जाते आणि पंक्चर होतं. तेही नेमकं गर्दीत, जिथे थांबायला जागा नसते.

ब्रेकचा दांडा पूर्ण आवळला तरी दांडा आणि हँडल यांच्यात दोन बोटांचं अंतर उरलं पाहिजे. दांडा हँडलला टेकत असेल तर वायर ताणून घ्या. ब्रेकचे रबर रिमवरच बसतात का, तेही बघा. टायरला घासणारा रबर टायर कापतो. पुढचा ब्रेक कोणत्या हाताशी आहे हे स्वतः दाबून खात्री करून घ्या, विशेषतः दुसऱ्याची किंवा भाड्याची सायकल घेतली असेल तेव्हा.

चाक उचलून फिरवा, डुगडुगतंय का बघा. चाक झटपट काढण्याचा खटका असलेली सायकल असेल तर तो घट्ट बंद हवा.

सामान कॅरिअरवर बांधा. हँडलला डबा किंवा पिशवी लटकवणं ही सगळीकडे दिसणारी सवय आहे आणि ती वाईट आहे. वळताना पिशवी झोका घेते, हँडल ओढलं जातं आणि कधीकधी तिचा बंद पुढच्या चाकात जातो. ओढणी आणि साडीचा पदर खोचून घ्या, पँटचा उजवा पाय क्लिपने किंवा रबरबँडने आवळा.

तपासा: सायकल पुढे ढकलत चाला आणि आधी फक्त पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मग फक्त मागचा दाबा. मागचं चाक फिरायचं थांबून घसटलं पाहिजे. यातलं काही झालं नाही तर त्या दिवशी सायकल काढू नका.

## टप्पा २: दिसण्याची सोय

पुण्यासारख्या शहरात रात्री सर्वांत जास्त धोक्यात असतात ते कामावरून परतणारे सुरक्षारक्षक, बांधकाम मजूर आणि हॉटेलात काम करणारी मुलं. काळी सायकल, गडद कपडे आणि दिवा नाही. डिपरवर असलेल्या गाडीचा उजेड साधारण ३० ते ४० मीटरपर्यंत नीट पोचतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला, चालकाला भान येण्याचा वेळ धरला तर, थांबायला तेवढंच अंतर लागतं. म्हणजे चालक सावध असला, नियमात असला, तरी बिनदिव्याचा सायकलस्वार त्याला उशिरा दिसतो. म्हणून दिवा ही चैनीची वस्तू नाही.

लावायचा क्रम, पैसे कमी असतील तरीही:

१. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक पट्टी. ही सर्वांत स्वस्त आहे आणि तिला बॅटरी लागत नाही.
२. मागे लाल दिवा, सीटच्या दांड्यावर, सरळ मागे रोखलेला.
३. पॅडलवर पिवळे परावर्तक. ते वर-खाली हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे मागच्याला लांबूनच ओळखता येतं.
४. पुढे पांढरा दिवा, किंचित खाली झुकवलेला. झोत रस्त्यावर सहा-आठ मीटर पुढे पडावा, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये.
५. चाकांच्या तारांना परावर्तक. आडव्या रस्त्यावरून येणाऱ्याला बाजूने दिसण्यासाठी.

घरी कामाला येणारं, सोसायटीत पहारा देणारं कुणी सायकलवर येत असेल तर पट्टी आणि मागचा दिवा त्यांना आणून द्या आणि स्वतः लावून द्या. शहरातला रस्ता थोडा सुरक्षित करण्याचा याहून सोपा मार्ग क्वचितच सापडेल.

इशारा: लांब जॅकेट, पाठीवरची सॅक किंवा कॅरिअरवरचं सामान मागचा दिवा झाकतं. सामान बांधून झाल्यावर पन्नास पावलं मागे जाऊन बघा.

हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटं, सरळ बसलेलं हवं. हनुवटीखालचा पट्टा एक बोट जाईल इतका. मागे सरकवून घातलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदला. आतला फोम एकदा दबला की पुन्हा मार झेलत नाही. दोन्ही कान मोकळे ठेवा. मागून येणाऱ्या गाडीची पहिली खबर कानच देतात.

## टप्पा ३: वाट निवडणं

गाडीसाठी सर्वांत जवळचा रस्ता सायकलसाठी बरोबर असेलच असं नाही. पाच-सात मिनिटं जास्त लागली तरी वस्तीतल्या समांतर गल्ल्या बऱ्या. पहिल्यांदा त्या वाटेने सुटीच्या दिवशी सकाळी जा आणि गतिरोधक, उघडी चेंबरं, पार्किंगच्या रांगा, शाळेचं फाटक आणि बसथांबे ध्यानात ठेवा.

एकदिशा रस्त्याचं भान आधीच हवं. फर्ग्युसन रस्ता आणि जंगली महाराज रस्ता दोन्ही एकदिशा आहेत. डेक्कनहून विद्यापीठाकडे जायचं तर फर्ग्युसन रस्त्याने जायचं आणि परतताना जंगली महाराज रस्त्याने यायचं. "इथून एवढंसंच तर जायचंय" म्हणून उलट दिशेने सायकल घातली की दोघांचे वेग बेरजेत येतात. शिवाय गल्लीतून बाहेर पडणारा चालक फक्त ज्या बाजूने वाहनं यायला हवीत त्याच बाजूला पाहत असतो. अशा वेळी सायकलवरून उतरा आणि पदपथावरून सायकल हातात धरून चालत जा.

गोल लाल पाटीवर सायकलचं चित्र असेल तर तिथे सायकलला मनाई आहे. गोल निळी पाटी आणि त्यात सायकल असेल तर तो सायकलचा मार्ग. सायकल ट्रॅक सलग असेल तर वापरा. मधेच खांब, टपरी किंवा उभ्या दुचाक्या आल्या म्हणून दर शंभर मीटरला रस्त्यावर उतरावं लागत असेल, तर सुरुवातीपासून रस्त्यावरच एका रेषेत राहणं जास्त सुरक्षित. प्रत्येक वेळी रहदारीत नव्याने शिरणं हाच धोक्याचा क्षण असतो. बीआरटीच्या, म्हणजे फक्त बससाठी राखलेल्या, मार्गिकेत कधीही शिरू नका.

## टप्पा ४: रस्त्यावर जागा कुठली घ्यायची

सर्वांत जास्त चूक इथे होते. बहुतेकांना वाटतं, जितकं कडेला तितकं सुरक्षित. कडेला असते वाळू, काच, चेंबरची जाळी, पेव्हर ब्लॉक आणि डांबर यांच्यातली खाच. ते चुकवायला सायकलस्वार अचानक उजवीकडे येतो आणि मागच्याच्या पुढ्यात जातो. शिवाय कडेला चिकटलेली सायकल पाहून चालकाला वाटतं, त्याच लेनमधून पुढे निघता येईल.

हिशोब करून बघा. लेन साधारण साडेतीन मीटरची. सायकलचं चाक कडेपासून एक मीटरवर, हँडलचं उजवं टोक त्याच्या पुढे ३० सेंटीमीटर. त्यानंतर एक मीटर मोकळी जागा आणि मग पावणेदोन मीटर रुंदीची मोटार. बेरीज चार मीटरच्या वर जाते. त्या लेनमध्ये दोघं शेजारी मावतच नाहीत. मोटारीला पुढे जायचं तर शेजारच्या लेनमध्ये जावंच लागेल, आणि ते चालकाला लांबूनच कळावं अशी तुमची जागा हवी.

म्हणून:

१. मोकळ्या, रुंद रस्त्यावर कडेपासून एक मीटर.
२. पार्क केलेल्या मोटारींच्या रांगेशेजारून जाताना चाक गाड्यांपासून सव्वा ते दीड मीटर. उघडलेलं दार जवळजवळ मीटरभर बाहेर येतं.
३. रस्ता अरुंद झाला, पूल आला, कामासाठी पत्रे लावलेले असले किंवा पुढे चौक असला तर लेनच्या मधोमध. अडथळा संपला की पुन्हा डावीकडे.

पार्क केलेल्या दोन मोटारींमध्ये मोकळी जागा दिसली म्हणून आत शिरू नका. पुढच्या गाडीशी पुन्हा बाहेर यावं लागतं. रांग संपेपर्यंत एकच सरळ रेषा धरा.

तपासा: उभ्या मोटारीत चालकाचं डोकं दिसतंय? मागचा लाल दिवा नुकताच विझला? पुढची चाकं वळलेली आहेत? तिन्हींपैकी एक जरी खरं असलं तरी वेग कमी करा आणि घंटी वाजवा.

## टप्पा ५: वळण्याचा क्रम

मागे पाहा. हात दाखवा. पुन्हा पाहा. मग सरका. हा क्रम मोडू नका. बरेच जण हात दाखवतात आणि त्याच क्षणी वळतात. हात म्हणजे विनंती. ती मागच्याने मान्य केली का, हे दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय कळत नाही.

मागे पाहताना हँडल त्याच बाजूला ओढलं जातं. हे मोकळ्या मैदानावर आधी घोटून घ्या: जमिनीवर आखलेल्या सरळ रेषेवर सायकल चालवत उजव्या खांद्यावरून मागे बघायचं आणि रेष सोडायची नाही. ते जमेपर्यंत मोठ्या रस्त्यावर उजवं वळण घेऊ नका.

पुण्यात तुमच्या मागचा बहुतेक वेळा दुचाकीवाला असतो, आणि तो दोन्ही बाजूंनी पुढे निघतो. म्हणून डावीकडे वळतानासुद्धा डाव्या खांद्यावरून पाहायचं. हा भाग परदेशी नियमपुस्तकं वाचून सायकल शिकलेल्यांच्या हमखास सुटतो.

उजवीकडे वळण्याच्या दोन पद्धती आहेत. छोट्या, संथ रस्त्यावर वळणाच्या ५०-६० मीटर आधीपासून एकेक लेन उजवीकडे सरकत जायचं, प्रत्येक लेनसाठी क्रम नव्याने पाळायचा. मोठ्या चौकात मात्र दोन टप्प्यांत वळा: हिरव्या सिग्नलला डाव्या बाजूने सरळ चौक ओलांडा, पलीकडच्या डाव्या कोपऱ्यावर थांबा, सायकल उजवीकडे तोंड करून उभी करा आणि त्या बाजूचा सिग्नल हिरवा झाला की सरळ जा. मिनिटभर जास्त लागतं. थांबताना डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेत नाही ना, हे बघा.

## टप्पा ६: चौक आणि डावीकडे वळणारी मोठी गाडी

या टप्प्यावर घाई करू नका. इथली चूक बहुधा दुसरी संधी देत नाही.

बस, डंपर, काँक्रीटचा मिक्सर किंवा टँकर सिग्नलला उभा असतो. त्याच्या डावीकडे दोन मीटरची मोकळी पट्टी दिसते आणि सायकलस्वार पुढे जाण्यासाठी तिथे शिरतो. सिग्नल हिरवा होतो आणि गाडी डावीकडे वळते. चालक उंचावर, उजव्या बाजूला बसलेला असतो. त्याच्या केबिनच्या डाव्या अंगाला लागून असलेला भाग त्याला आरशातही पुरता दिसत नाही. त्यात वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, ती आतल्या बाजूने कापत येतात. पुढचा भाग सुखरूप बाजूने गेला म्हणून हुश्श करणारा माणूस मागच्या चाकाशी सापडतो.

आणखी एक फसवी गोष्ट. लांब गाडी डावीकडे वळण्याआधी आधी थोडी उजवीकडे जाते, म्हणजे वळणाला जागा मिळावी. त्यामुळे डावीकडची पट्टी आणखी रुंद होते आणि "चला, वाट मिळाली" असं वाटतं. ती वाट बंद होणार आहे याचीच ती खूण असते.

१. मोठ्या गाडीच्या डावीकडून कधीही पुढे जाऊ नका, ती थांबलेली असली तरी, तिचा इंडिकेटर बंद असला तरी.
२. तिच्या मागे, लेनच्या मधोमध, थोडं अंतर राखून थांबा.
३. ती तुमच्या नंतर येऊन शेजारी उभी राहिली तर पुढे इतके सरका की चालकाचा चेहरा दिसेल. जागा नसेल तर सायकल उचलून पदपथावर घ्या.
४. तिच्या आरशात तुम्हाला चालकाचा चेहरा दिसत नसेल, तर तुम्हीही त्याला दिसत नाही, असंच धरून चाला.

नळ स्टॉपसारख्या उड्डाणपुलाखालून सरळ जाताना पूल उतरतो ती जागा ध्यानात ठेवा. वरून वेगात आलेल्या गाड्या तिथे डावीकडे घुसतात. पुलाच्या उताराच्या आधीच मागे बघा आणि आपली रेषा पक्की करा.

## टप्पा ७: बस आणि रिक्षा

बस थांब्याला लागत असेल तर मागे थांबा. डावीकडून जाणं म्हणजे उतरणाऱ्या प्रवाशांत घुसणं. उजवीकडून जायचं तर बस निघण्याच्या बेतात नाही ना, हे पाहा. उजवा इंडिकेटर लागला की सोडून द्या. वीस सेकंदांचा प्रश्न असतो.

रिक्षा थांबण्याआधी ब्रेकलाइटची वाट पाहू नका. पदपथावर हात करणारा माणूस दिसला की पुढची रिक्षा डावीकडे वळून थांबणार, हे गृहीत धरा.

## टप्पा ८: गाडी चालवताना

१. अंतर. सायकलला ओलांडताना निदान एक मीटर, वेग जास्त असेल तर दीड मीटर मोकळं सोडा. तेवढी जागा शेजारच्या लेनमध्ये नसेल तर मागे राहा. खड्डा आला की सायकलस्वाराला हातभर बाजूला यावंच लागतं, ती जागा त्याची आहे.

२. वेगाचा अंदाज. सायकल ताशी १८ किलोमीटरने सेकंदाला पाच मीटर जाते. "आपण आधी वळू" हा अंदाज बहुतेक वेळा इथेच चुकतो. सायकलला ओलांडून लगेच डावीकडे वळू नका. वळण ५० मीटरच्या आत असेल तर सायकलच्या मागेच राहा आणि ती पुढे गेल्यावर वळा. स्कूटर चालवणाऱ्यांनाही हे तितकंच लागू आहे.

३. दार. आधी आरसा, मग मान वळवून मागे, मग दार. चालकाने उजवं दार डाव्या हाताने उघडावं. शरीर आपोआप मागे वळतं आणि नजर रस्त्यावर जाते. डावीकडे बसलेल्याने उजव्या हाताने उघडावं. मुलांना आणि टॅक्सीतल्या प्रवाशांना चालकानेच सांगावं, "थांबा, मागे सायकल आहे."

४. हॉर्न. सायकलच्या अगदी मागे येऊन वाजवला तर सायकलस्वार दचकतो आणि हँडल हलतं. वाजवायचाच तर ३० मीटर मागून, एकदाच, हलका. रात्री सायकलमागे अप्पर लावून चालवू नका. तिची स्वतःची सावली पुढे पडते आणि खड्डा दिसत नाही.

५. वेग. चालकाला भान यायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ५० वरून थांबायला सुमारे ३७ मीटर लागतात, ताशी ३० वरून साधारण १८. वस्तीत हा निम्मा फरक फार मोठा असतो.

इशारा: गतिरोधकाच्या किंवा लाल सिग्नलच्या तोंडाशी सायकलला ओलांडण्यात काहीच मिळत नाही. पुढे जाऊन ब्रेक दाबावा लागतो आणि सायकल तुमच्या बंपरवर येते.

## टप्पा ९: पावसात काय बदलायचं

पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं आणि रस्ता सर्वांत निसरडा होतो. झेब्रा पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि पेव्हर ब्लॉक यांवर ब्रेक दाबू नका, वळू नका, सरळ पार व्हा.

ओल्या रिमवर ब्रेक पकडायला वेळ लागतो. थांबायच्या बरंच आधी ब्रेक हलके दाबून रिम पुसून घ्या, मग जोर द्या. दोन्ही ब्रेक एकत्र वापरा: नुसता पुढचा जोरात दाबला तर घसरगुंडी किंवा कोलांटी, नुसता मागचा दाबला तर सायकल बरीच पुढे जाऊन थांबते. चांदणी चौकातून कोथरूडकडे येणारा उतार असो की दुसरा कुठला, वेग उतार सुरू होण्याआधीच कमी करा.

साचलेल्या पाण्यातून जाऊ नका. खाली उघडं चेंबर असू शकतं. पुढच्या सायकल किंवा दुचाकीची चाकं ज्या रेषेतून गेली तीच धरा, नाहीतर उतरून चालत जा. लांब घोळदार रेनकोट चाकात अडकतो. भडक रंगाचं जॅकेट आणि पँट असा जोड घ्या.

गाडी चालवणाऱ्यांनी पाण्याच्या डबक्यातून सायकलशेजारून वेगात जाऊ नये. अंगावर पाणी आलेला माणूस क्षणभर डोळे मिटतो, आणि सायकलवर तो क्षण महाग पडतो.

## टप्पा १०: धडक झालीच तर

१. आधी रस्त्यावरून बाजूला व्हा, पण मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला हलवू नका. मागून येणाऱ्या गाड्या थांबवा.
२. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२.
३. गाडीचा क्रमांक, जागा आणि दोन्ही वाहनांची स्थिती यांचे फोटो काढा. प्रत्यक्ष पाहिलेल्याचा नंबर मागून घ्या.
४. "काही लागलं नाही" म्हणून लगेच निघू नका. डोक्याला मार बसला असेल तर त्रास काही तासांनी दिसू शकतो. डॉक्टरकडे जा आणि कागद जपून ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाने जखमीला उपचार मिळवून द्यायचे असतात आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवायचं असतं. मदत करणाऱ्या तिऱ्हाईताने घाबरू नये. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १३४-अ मुळे सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही आणि त्याला स्वतःचं नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

सायकलला विमा लागत नाही, पण धडक देणाऱ्या गाडीचा तृतीय पक्ष विमा सायकलस्वारासारख्या इतरांच्या नुकसानीसाठीच असतो. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी तक्रार नोंदवा. गंभीर दुखापतीसाठी ५० हजार आणि मृत्यू झाल्यास कुटुंबाला २ लाख रुपयांची तरतूद आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाईचा दावा करायचा तर कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मुदत दिली आहे. म्हणून पोलीस ठाण्यातून एफआयआरची प्रत त्याच आठवड्यात घ्या.